मिठागरातली म्हातारी

"काका, तुमची ही म्हातारी अजून किती वेळ बसणारेय?"

"एक खेळी."

"म्हणजे ही माझी झाली की?"

"हो. तुझी झाली की उठेल."

त्सुगेने हातातली कार्डं उघडली, मिटली, परत उघडली. बघून बघून ती काही बदलणार नव्हती. टेबलाभोवती पोरं दाटीवाटीनं उभी होती. स्टोव्हवरची किटली उकळून उकळून आटत आली होती आणि ती उतरवायचं भान मलाही राहिलं नव्हतं. माझ्या दुकानातल्या महिन्याच्या स्पर्धेचा शेवटचा सामना होता. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ पडत होता आणि आत वाकिसाकासान, पोरांचे काका, जिंकत आले होते. यावर कुणाचाच विश्वास बसत नव्हता, सगळ्यात कमी त्यांचा स्वतःचा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना थोडक्यात सांगते. दुकानातून पाकिटं घ्यायची, त्यांतून निघालेल्या कार्डांतली आपल्याला हवी ती निवडून एक गड्डी बांधायची. तिला डेक म्हणतात. दोन डेक समोरासमोर येतात आणि एकाचे प्राण संपेपर्यंत भांडतात. कार्डं हजारो आहेत, त्यामुळे डेक लाखो तऱ्हांनी बांधता येतो, असं पाकिटावर छापलेलं असतं. प्रत्यक्षात होतं काय, ओसाकाला नाहीतर तोक्योला कुणीतरी मोठी स्पर्धा जिंकतो, त्याच्या डेकचा फोटो संध्याकाळपर्यंत देशभर पोचतो आणि आठवड्याभरात माझ्या दुकानातली सगळी टेबलं त्या एकाच डेकनं भरून जातात. मग समोरासमोर बसलेली दोन पोरं आरशात बघून भांडल्यासारखी भांडतात. सासऱ्यांच्या काळात इथे लाकडी भोवरे आणि बाहुल्या विकल्या जायच्या. निदान दोन बाहुल्यांचे चेहरे वेगळे असायचे.

त्सुगे हा या नकलाकारांचा राजा. वय चोवीस-पंचवीस, टायरच्या दुकानात कामाला, बोलायला तोंडाळ, पण खेळायला हुशार. नकलेची त्याला काडीचीही लाज नव्हती. "जिंकायचा रस्ता कुणीतरी बांधून ठेवलाय, मग रानातून कशाला जायचं, काकू?" असं तो मलाच विचारायचा.

आणि वाकिसाकासान म्हणजे रानातून जाणारे. आमच्या साबाएत निम्मं गाव चष्म्यांवर जगतं, तसे तेही. चष्म्याच्या दांड्या घासून गुळगुळीत करायचं काम त्यांनी तरुणपणापासून केलं. त्या दांड्यांवर शेवटी कुठल्यातरी परदेशी कंपनीचं नाव उमटतं आणि वाकिसाकासानच्या नखांत पांढरी पावडर तेवढी उरते. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस दर शनिवारी कामाचा डगला घालून यायचा, कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा आणि पोरांकडून हरायचा. हरलेल्यानं आपल्या डेकवर तळहात ठेवून मान लववायची आणि 'हरलो' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. ती त्यांच्याइतकी मनापासून पाळणारा माझ्या दुकानात दुसरा कुणी नव्हता.

कारण त्यांचा सगळा डेक एका निकामी कार्डाभोवती बांधलेला होता. 'मिठागरातली म्हातारी'. चित्रात एक वाकलेली बाई मिठाच्या ढिगापाशी बसलेली. तिचा नियम असा, की पाच खेळ्या ती काहीही करत नाही, नुसती बसून राहते. सहाव्या खेळीला उठते आणि तोवर तुम्ही गमावलेलं सगळं तुम्हाला परत देते. ऐकायला छान. पण आजकालचे डाव चौथ्या खेळीलाच संपतात. "वाकिसाकाकाकांची म्हातारी उठेपर्यंत मी सोबा खाऊन येतो," असं पोरं म्हणायची आणि एकदा एक जण खरंच जाऊन आला होता.

वाकिसाकासान काही रागवायचे नाहीत. घरी जाऊन बांध घालणारी, वाट अडवणारी, मार खाऊन घेणारी लहानसहान कार्डं बदलत बसायचे. अशी किती वर्षं गेली. त्या शनिवारी मात्र त्यांचे बांध टिकले. म्हातारी उठली. गेलेलं सगळं टेबलावर परत आलं, आणि त्सुगेने थोडा वेळ त्या पसाऱ्याकडे बघून आपल्या डेकवर तळहात ठेवला.

"हरलो," तो म्हणाला. मग मान वर करून, "काका, हे काय होतं हो? भारीच!"

पोरांनी एवढा कल्ला केला की शेजारचा न्हावी डोकावून गेला. वाकिसाकासान दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

विजेत्याचा डेक हिरव्या कापडावर मांडून त्याचा फोटो काढायचा आणि दुकानाच्या नेटवरच्या पानावर टाकायचा, अशी आमची पद्धत. खाली नाव लिहायचं, पण पोरं खरं नाव देत नाहीत. कुणी 'अंधारातला कोल्हा', कुणी आणखी काही. आणि ज्याच्याकडे खरोखर स्वतःची युक्ती असते तो फोटोच काढू देत नाही, कारण फोटो दिसला की युक्ती सगळ्यांची झाली.

"काका, फोटो नको," त्सुगे म्हणाला. "झाकून ठेवा. उन्हाळ्यापर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. नुसते जिंकत सुटाल."

"नाही, फोटो लावा," वाकिसाकासान मला म्हणाले. "आणि तामाएसान, नाव पूर्ण लिहा. वाकिसाका तोशिहारु, साबाए. चित्रलिपीत लिहा. नुसतं उच्चारावरून लिहिलं तर दुसराच कुणीतरी वाटेल."

"काका, तुम्ही काय निवडणुकीला उभे राहताय?" त्सुगे हसला.

मी हसले नाही. मला कारण माहीत होतं.

त्यांची मुलगी होनामी लहान असताना बापाचं बोट धरून माझ्या दुकानात यायची. एका पाकिटातून तिला ही म्हातारी निघाली. बाप म्हणाला, "चल, बदलून दुसरं चांगलं घेऊ." तिनं कार्ड छातीशी धरलं. "ही आजीसारखी दिसते. बाबा, हिला घेऊन जिंकून दाखवा." तेव्हा ती शाळेत दुसरी-तिसरीत असेल. पुढच्या वर्षी आईबापाचा घटस्फोट झाला आणि आई तिला घेऊन नागोयाला गेली. आमच्याकडे घटस्फोट झाला की मूल एकाच्या वाट्याला जातं आणि दुसऱ्यानं आपली सावलीही त्याच्यावर पडू द्यायची नाही, यालाच समजूतदारपणा म्हणतात. आई म्हणाली, "तिचं नवं घर बसू द्या. मोठी झाली की तीच शोधत येईल." वाकिसाकासान 'बरं' म्हणाले. 'बरं' म्हणायची त्यांना भारी सवय. आईचं दुसरं लग्न झालं, मुलीचं आडनाव बदललं, घर बदललं. आता पोरगी कुठे राहते, काय करते, बापाला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक असलेल्या दोनच गोष्टी त्यांच्याकडे होत्या. एक ही म्हातारी आणि दुसरं त्यांचं नाव. त्या दोन्ही एका जागी तिच्या नजरेला पडाव्यात, एवढ्यासाठी हा माणूस इतकी वर्षं हरत बसला होता.

फोटो लावला. आठ-दहा जणांनी पाहिला. माझ्या दुकानाचं पान म्हणजे काही वर्तमानपत्र नव्हे.

मार्चच्या अखेरीला नागोयाला मोठी स्पर्धा होती. तिथे जाण्यासाठी नाव द्यावं लागतं आणि चिठ्ठ्या निघतात. ज्याची चिठ्ठी निघेल तो जातो. वाकिसाकासाननी आयुष्यात पहिल्यांदा नाव दिलं. नागोया म्हटल्यावर का दिलं ते सांगायला नको. त्यांची चिठ्ठी निघाली नाही. त्सुगेची निघाली.

त्या शनिवारी ते नेहमीपेक्षा उशिरा आले. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि त्सुगेसमोर जाऊन बसले.

"तू कुठला डेक नेणारेस?"

"ओसाकावाला. सगळे तोच नेणार."

"हा ने." त्यांनी आपली डबी पुढे सरकवली.

त्सुगे डबीकडे बघतच राहिला. "काका, चेष्टा करू नका. ही तुमची म्हातारी आहे."

"तुझा हात चांगला आहे. माझ्या हातून एकदा उठली, तुझ्या हातून रोज उठेल."

"पण तुम्हीच म्हणता ना, दुसऱ्याच्या डेकनं जिंकलं तर जिंकला कोण?"

"म्हणतो. म्हणून एक कर. तिथे जिंकणाऱ्याला विचारतात, डेक कुणाचा म्हणून. तेव्हा माझं नाव सांग. पूर्ण नाव, साबाएसकट."

"सांगतो की! माइकमध्ये ओरडून सांगतो, हवं तर." त्सुगेने डबी दोन्ही हातांनी उचलून कपाळाशी नेली. मनापासून नेली, तेव्हा तरी. हे मी पाहिलंय म्हणून सांगते.

मग रोज काम सुटल्यावर दोघं कोपऱ्यातल्या टेबलावर बसू लागले. "घाई करू नकोस. मार खायला शिक," वाकिसाकासान सांगायचे. "ते मला नका शिकवू, आमचा मालक रोज शिकवतो," त्सुगे म्हणायचा. वाकिसाकासान हसायचे. त्या पंधरवड्यात मी त्यांना जितकं हसताना पाहिलं तितकं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. एक दिवस ते नवा सदरा घालून आले आणि कुणी काही म्हणायच्या आत म्हणाले, "हा रविवारसाठी घेतला होता, सहज घालून बघितला." रविवारी त्यांना कुठेही जायचं नव्हतं. स्पर्धा माझ्या दुकानातल्या टीव्हीवरच बघायची होती.

रविवारी दुकान गच्च भरलं. मी सगळ्यांसाठी भाताच्या ओनिगिरी केल्या, पण कुणी धड खाल्ल्या नाहीत. आमचा त्सुगे जिंकत गेला. नागोयाची ती बडी बडी पोरं म्हातारी टेबलावर आली की आधी हसायची आणि पाचव्या खेळीला हसू ओठावरच राहायचं. अंतिम सामन्यात म्हातारी उठली तेव्हा तिथलं सभागृह उभं राहिलं आणि इथे माझं दुकानही. वाकिसाकासान एकटे बसून होते. दोन्ही हात मांडीवर आणि डोळे पडद्याला चिकटलेले.

मुलाखत घेणारी चुणचुणीत बाई म्हणाली, "असा डेक आम्ही कधी पाहिलाच नव्हता! ही कल्पना कुणाची?"

त्सुगेने माइक धरला. तोंड उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर एवढा उजेड होता की डोळे मिचकावत होता.

"माझीच," तो म्हणाला. एकदा बोलून गेल्यावर मग थांबेना. "मला सगळे नकलाकार म्हणतात. म्हटलं, एकदा स्वतःचं काहीतरी करून दाखवावं."

टाळ्या पडल्या. माझ्या दुकानात कुणी हललं नाही. कुणीतरी टीव्ही बंद करायला उठलं, तर वाकिसाकासान म्हणाले, "राहू दे. बक्षीस देताना बघू या." बक्षीस देऊन झालं. मग ते उठले, कप विसळला, डगला चढवला.

"घाबरला असेल," ते मला म्हणाले. "एवढे दिवे, एवढी माणसं. माझंही तेच झालं असतं."

"तुमचं झालं नसतं," मी म्हटलं. माझा संताप मावत नव्हता.

"चांगला खेळला मात्र," ते म्हणाले आणि गेले. नव्या सदऱ्याची कॉलर डगल्याबाहेर आली होती. ती नीट करा, एवढंही माझ्याच्यानं सांगवलं नाही.

दोन दिवसांनी मी मागच्या खोलीत असताना कुणीतरी डेकची डबी काउंटरवर ठेवून गेलं. सोबत नागोयाच्या मिठाईचा खोका, वर सुबक कागद. गावाला गेलं की मिठाई आणायची ही रीत त्यानं बरोब्बर पाळली होती. तोंड दाखवायची तेवढी राहिली. वाकिसाकासाननी ती मिठाई पोरांना वाटून टाकली. मी तुकडाही तोंडात घातला नाही.

आमच्या फोटोखाली मी खरं काय ते लिहिलं. दोघांनी 'आवडलं'चा अंगठा दिला. तिसऱ्यानं लिहिलं, 'आता प्रत्येक दुकान म्हणणार, आमचाच.'

एप्रिल संपेपर्यंत गावोगाव म्हाताऱ्या बसल्या. डेकला नाव पडलं 'त्सुगे'. माझ्याही दुकानात दहातले सहा जण 'त्सुगे' घेऊन यायचे. लोकांनी त्यात सुधारणा केल्या. दोन बांध काढले, वेगळी भिंत घातली. आता म्हातारी हमखास टिकायची. एका शनिवारी फुकुइहून आलेला एक शाळकरी मुलगा वाकिसाकासानच्या समोर बसला. अदबीनं वाकून नमस्कार केला आणि डाव सुरू झाल्यावर म्हणाला, "अरे, काका, तुम्ही पण त्सुगेच? पण तुमचा जुना आहे. नेटवर नवा आलाय, तो उचला. मी नाव सांगू का?"

"सांग," वाकिसाकासान म्हणाले.

त्यानं सांगितलं. चांगला मुलगा होता, वाईट हेतू काहीच नव्हता. दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसल्या आणि त्याची आधी उठली. वाकिसाकासाननी डेकवर तळहात ठेवून मान लववली. "हरलो. खूप शिकलो," ते त्याला म्हणाले. मी चहा करायच्या निमित्तानं आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

पुढे काय होणार ते आम्हा दुकानदारांना दिसत होतं. प्रत्येक स्पर्धेत दोन म्हाताऱ्या बसणार, डाव संपता संपणार नाही आणि बघणारे जांभया देणार. जुलैत कंपनीनं जाहीर केलं, 'मिठागरातली म्हातारी' आजपासून कुठल्याही स्पर्धेत चालणार नाही. बंदी. जेव्हा ती निकामी होती तेव्हा कुणाला खुपली नाही. जिंकायला लागली आणि संपली.

त्या सकाळी मी ॲप्रन न काढताच टायरच्या दुकानात गेले. त्सुगे गाडीखाली होता. मी पायानं त्याच्या बुटाला ढोसलं.

"बाहेर ये, मेल्या."

तो आला. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर उभा राहिला. "काकू, मी येणारच होतो..."

"तू काय येणार! त्या माणसानं तुला डेक का दिला ठाऊक आहे? बक्षिसासाठी? त्याची मुलगी आहे नागोयाला. लहानपणी गेली ती परत दिसली नाही. त्याचं नाव तिच्या कानावर पडावं, म्हणून दिला. तेवढं एक नाव घ्यायला तुझी जीभ झडली?"

मला वाटलं होतं तो रडेल नाहीतर कारणं सांगेल. पण त्याचा चेहरा असा उतरला की मलाच कसंतरी झालं. "मुलगी?" एवढंच तो म्हणाला. "काकू, केवढी असेल?"

मी सांगितलं. तो जमिनीवर बसला.

शनिवारी दुपारी वाकिसाकासान नेहमीसारखे आले. डेक मांडून बसले. मधलं कार्ड काढल्यावर उरलेल्याचं काय करायचं ते बघत होते. बांध होते, भिंती होत्या, पण कशासाठी टिकायचं तेच राहिलं नव्हतं. दुसरी पोरं जेवायला पांगली होती. त्सुगे कामाच्याच कपड्यांत आला. टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"काका, मारायचं तर मारा. पण आधी ऐका."

"बस ना."

तो बसला नाही. "त्या दिवशी नागोयाला, मुलाखत झाल्यावर, मी सामान भरत होतो. एक मुलगी आली."

वाकिसाकासानचा हात कार्डांवर होता तो तिथेच राहिला.

"म्हणाली, 'माफ करा, हा डेक खरंच तुम्ही बांधलात?' मी हो म्हटलं. मग म्हणाली, 'कुणाकडून शिकलात का? साबाएच्या कुणाकडून?' मला वाटलं, पकडलं. मला वाटलं, कुणीतरी तुमच्या त्या फोटोवरून आलंय जाब विचारायला. मी म्हटलं..." त्सुगेने तळहात पँटला पुसले. "मी म्हटलं, साबाएत मी कुणाला ओळखत नाही."



"मग?" वाकिसाकासाननी विचारलं.

"मग म्हणाली, 'ते म्हातारीचं कार्ड एकदा बघू का?' मी म्हटलं, बॅग भरून झालीय. ती म्हणाली, 'असू दे. मला उगाच वाटलं...' आणि वाकून नमस्कार करून गेली. नाव विचारलं नाही मी. मला माहीत नव्हतं, काका. आईची शपथ, मला माहीत नव्हतं. परवा मी सगळं खरं लिहून टाकलं नेटवर, तुमच्या नावासकट. पण आता बंदी आलीय. कुणी वाचतच नाही."

मी काउंटरला धरून उभी होते. वाकिसाकासान ओरडले असते, टेबल उलथलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी म्हातारीचं कार्ड उचललं. त्याचा एक कोपरा फुगलेला होता.

"हे तिच्या फ्रॉकच्या खिशात धुतलं गेलं होतं," ते म्हणाले. "बघितलं असतं तर ओळखलं असतं तिनं." मग कार्ड खाली ठेवलं. "उंच आहे का?"

"काय?"

"ती. उंच झालीय का?"

"मी वर बघितलंच नाही, काका. खालीच बघत होतो."

"केस?"

"नाही आठवत."

"आवाज कसा होता?"

"हळू. हळू बोलत होती." तो धडपडत काहीतरी शोधत होता. "बूट आठवतात. पांढरे, कापडी. एकाची नाडी सुटलेली."

"कुठल्या?"

"डाव्या."

"डाव्या," वाकिसाकासान म्हणाले. त्यांनी मान हलवली, जसं काही हे जपून ठेवायला हवं. मग शेजारची खुर्ची ओढून दिली. "पुन्हा सांग. ती आली तिथपासून."

त्सुगे बसला. पुन्हा सांगितलं. सामान भरत होतो, एक मुलगी आली, माफ करा म्हणाली. वाकिसाकासान पुढे वाकून ऐकत होते. मध्ये एकदाही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "अजून एकदा."

तिसऱ्यांदा सांगताना त्सुगे अडखळत गेला. कार्ड बघू का, बॅग भरून झालीय, असू दे, इथवर आला आणि थांबला. त्याचे कान लाल झाले होते.

"आणि जाताना हसली," तो म्हणाला.

हे आधी दोन्ही वेळा नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

"कशी हसली?" वाकिसाकासाननी विचारलं.

त्सुगे मान खाली घालून विचार करू लागला आणि ते वाट बघत बसले.